वादळ आणि आमची आत्या

२०१९ सालच्या दिवाळीत आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीतला आकाशकंदील दोनदा भिजला. फराळाचे डबे भरता भरता नातवाने मला विचारले, "आजी, पावसाळा संपला म्हणालीस ना? मग हा कुठला पाऊस?" मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. असा प्रश्न कोणी विचारला की हातातला झारा खाली ठेवून नकाशा काढायचा, ही माझी खोड घरच्यांच्या परिचयाची आहे. चकल्या सुनेच्या स्वाधीन केल्या आणि नातवाला अरबी समुद्र दाखवला. 'क्यार' नावाचे वादळ कोकणासमोरच्या समुद्रात जन्माला येऊन ओमानच्या दिशेने निघाले होते. त्याच्या पदराचे ढग आमच्या कंदिलावर रिकामे होत होते. नेमक्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, हवामान खात्याने त्याला सर्वांत वरच्या, म्हणजे महाचक्रीवादळाच्या वर्गात घातले.

वादळ म्हटले की आपल्याला बंगालचा उपसागर आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण अरबी समुद्र काही अगदीच साळसूद नव्हे. त्याचेही दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा पावसाळा सरल्यावर, म्हणजे ऐन दिवाळीच्या आगेमागे. १९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईला झोडपणारे वादळ असेच दिवाळीनंतरचे. २००९ चे 'फयान'ही ११ नोव्हेंबरला अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्याला लागले.

ते १९४८ चे वादळ ज्यांना आठवते त्यांत माझी आत्या आहे. तेव्हा ती बारा वर्षांची होती. ठाण्याला चेंदणीच्या बाजूला, खाडीपासून फार लांब नव्हे अशा ठिकाणी, तिचे बैठे घर. जुनी कौले जाऊन त्यावर पत्रे आले, बाकी सारे तसेच. मूलबाळ नाही, यजमान जाऊन वीस वर्षे झाली. "माझ्याकडे येऊन राहा" असे मी दर महिन्याला म्हणायचे, आणि तिने दर महिन्याला "बघू पुढे" म्हणायचे, असा आमचा शिरस्ता होता.

मग २०२० चा जून उजाडला.

३१ मे रोजी लक्षद्वीपच्या बाजूला कमी दाबाचा पट्टा असल्याची बातमी आली. मी जुन्या नकाशाच्या पुस्तकातले अरबी समुद्राचे पान काढून भिंतीला लावले. खात्याच्या पत्रकात वादळाच्या केंद्राचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. पत्रक आले की पेन्सिलीने एक टिंब द्यायचे आणि टिंबे जोडत जायचे. २ जूनच्या दुपारी त्या टिंबांना नाव मिळाले, 'निसर्ग'. हे नाव बांगलादेशाने सुचवलेले. पण शब्द आपलाही असल्यामुळे सर्वांना वाटले, आपल्याच कोणी तरी ठेवले!

पत्रकात लिहिले होते, की हे वादळ आधी उत्तरेकडे जाईल, मग ईशान्येकडे वळेल आणि ३ जूनच्या दुपारी हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या जवळ, किनारा ओलांडेल. भरतीच्या पातळीवर आणखी एक ते दोन मीटर पाणी चढून मुंबई, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील सखल भाग बुडण्याचा संभव आहे.

सर्वसामान्य वाचकाने ह्यातला 'अलिबाग' हा शब्द तेवढा उचलला. अलिबाग म्हणजे आपण नव्हे, असा हिशेब. पण भूगोलाच्या बाईने 'हरिहरेश्वर ते दमण' वाचले. हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा किनारा आहे आणि ठाणे त्याच्या आत येते. उपग्रह आणि रडार यांमुळे वादळाचा मार्ग आता पूर्वीपेक्षा पुष्कळ नेमका सांगता येतो. तरीही चोवीस तास आधीचा अंदाज सरासरीने सत्तर-ऐंशी किलोमीटर इकडेतिकडे होतो. मी पट्टी ठेवून मोजले. अलिबागपासून ठाणे सरळ रेषेत पासष्ट किलोमीटरच्या आसपास भरले. म्हणजे नकाशावर अलिबागला टेकलेले पेन्सिलीचे टोक प्रत्यक्षात आमच्या आत्याच्या पत्र्यावरही टेकू शकत होते.

आत्याला हलवायचे की नाही? दुसरे कोणते वर्ष असते तर प्रश्नच नव्हता. पण ते करोनाचे दिवस. लोकल सर्वांसाठी बंद. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, दम्याने बेजार बाईला दहा माणसांच्या संपर्कातून डोंबिवलीला आणायचे, तर वादळापेक्षा तो रोगच आधी गाठायचा. न आणावे तर खाडी. रात्रभर मी हा त्रैराशिकाचा हिशेब करीत होते आणि उत्तर जमत नव्हते.

त्यातच मोबाइलवर निरोपांचा पाऊस सुरू झाला. एकाने कळवले, की १८८२ च्या ६ जूनला मुंबईत असेच वादळ येऊन एक लाख माणसे दगावली होती. ही कथा पुष्कळ ठिकाणी छापलीही आहे. पण १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांची. त्यातले एक लाख लोक गेले असते तर पुढची पन्नास वर्षे घरोघरी त्याचेच बोलणे झाले असते. कोलंबिया विद्यापीठाचे अॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या वादळाचा शोध घेतला तेव्हा ते घडल्याचा काहीच पुरावा मिळाला नाही. न झालेल्या वादळाला भिऊन चालणार नव्हते, आणि येणाऱ्या वादळाला भ्यायलाच हवे होते.

सकाळी सहाला मी आत्याच्या शेजारच्या तांडेलकाकांना फोन केला. काकांचा जन्म खाडीवर गेलेला. १ जूनपासून मासेमारीची बंदी लागल्यामुळे होड्या आधीच किनाऱ्याला होत्या.

"काका, पाणी कसे आहे?"

"पानी आपल्या टायमाला हाय, बाई. बारशीची भरती, नऊ-दहाला भरनार. आनि वारा मतलई हाय, जमिनीवरचा. असा वारा असंल तर पानी आत येनार नाय."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ठोकळमानाने निघते. द्वादशीला नऊ आले. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, तेव्हा भरती मोठी हे खरे. पण वादळ दुपारी येणार, म्हणजे ओहोटीला. आणि वाऱ्याचे काका म्हणत होते ते पुस्तकाप्रमाणेही बरोबर होते. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. केंद्र आपल्या दक्षिणेला असले की आपल्याकडे वारा पूर्वेचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. तो पाण्याला बाहेर लोटतो.

"पण काका, केंद्र आपल्या उत्तरेला जाऊन लागले तर?"

काका क्षणभर गप्प राहिले. "मंग खारा वारा येल. मंग भरोसा नाय."

झाले. उत्तर मिळाले. वादळ दक्षिणेला लागले तर घरात राहून चालेल, उत्तरेला लागले तर चालणार नाही. आणि कोठे लागेल ते कळेपर्यंत हलवायला वेळ उरणार नाही. म्हणून डोंबिवली नको आणि बैठे घरही नको, असा मधला मार्ग निघाला. समोरच्या नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक वहिनी राहत. त्यांची एक खोली रिकामी होती. काकांच्या मुलाने तोंडाला फडके बांधून आत्याला खुर्चीसकट वर नेले. आत्या वाटभर कुरकुरत होती. "अग, अठ्ठेचाळीस सालचे वादळ मी ह्याच घरात काढले. हे कसले निसर्ग न् बिसर्ग!"

दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटर होता. ठाण्याला फांद्या पडल्या, पाऊस झाला, खाडी आपल्या जागी राहिली. संध्याकाळी आत्या खाली उतरली आणि तिने मला फोन करून पाऊण तास हसून घेतले.

हसण्यासारखे फक्त ठाण्यातच होते. वादळ ईशान्येकडे सरकत असताना त्याच्या उजव्या अंगाला वादळाचा स्वतःचा वेग वाऱ्याच्या वेगात मिळतो. डाव्या अंगाला तो वजा होतो. ठाणे-मुंबई डाव्या अंगाला होती. उजव्या अंगाला मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली. तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. घरांचे छप्पर महिन्याभरात घालता येते, पण पोफळीचे बाग उभे राहायला एक पिढी लागते.

आता ह्या लेखातला माझ्या फजितीचा भाग सांगते.

पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, 'तौक्ते' आले. मी पुन्हा नकाशा लावला, पण ह्या खेपेस टिंबे देताना मन निर्धास्त होते. वादळ समुद्रातूनच उत्तरेला गुजरातकडे जाणार होते. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास दूर. 'निसर्ग' पासष्ट किलोमीटरवर लागले आणि काही झाले नाही. मग दीडशे किलोमीटरवरून जाणाऱ्याची काय मातब्बरी? आत्याही म्हणाली, "ह्या खेपेला मी जिने चढायची नाही." मी म्हटले, "नको चढूस."

चौथीतल्या मुलाने केली तर मी छडी उगारली असती अशी ही चूक होती. उत्तरेला जाणाऱ्या वादळाच्या पूर्वेला आपण होतो, म्हणजे उजव्या अंगाला! शिवाय हे वादळ 'निसर्ग'पेक्षा कितीतरी बलवान होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हेही मीच फळ्यावर लिहीत आले होते. सोमवार, १७ मे. कुलाब्याला वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडली. सांताक्रूझला एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईपासून दूर समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडाला आणि त्यावरील २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदलाने व इतरांनी वाचवले. बाकीच्यांच्या घरचे लोक किनाऱ्यावर वाट पाहत राहिले.

आत्याच्या घराचे दोन पत्रे दुपारी उडाले. तिसरा वाशासकट तिच्या पलंगावर पडला. दहा मिनिटांपूर्वी ती चहा टाकायला उठली होती म्हणून आज हा लेख असा लिहिता येतो आहे. तांडेलकाकांच्या मुलाने तिला पुन्हा त्याच दुसऱ्या मजल्यावर नेले. ह्या वेळी ती कुरकुरली नाही. संध्याकाळी फोनवर एवढेच म्हणाली, "अग, तुझी पेन्सिल कुठे गेली होती?" मला त्या रात्री जेवण गेले नाही.

तेव्हापासून मी वादळ किती दूर आहे हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारते. आधी विचारते, ते आपल्या कोणत्या अंगाने जाणार? मग, ते येईल तेव्हा भरती की ओहोटी? आणि तिसरे, आपल्या घराला भय कशाचे, वाऱ्याचे, खाडीचे की पावसाचे? उत्तनच्या कोळीवाड्याला समुद्राचे भय. पत्र्याच्या घराला वाऱ्याचे. आमच्या कल्याण-डोंबिवलीला समुद्र दिसतही नाही, पण उल्हास नदीत भरतीचे पाणी कल्याणच्या दुर्गाडीपर्यंत चढते. वरून मोठा पाऊस आणि खालून भरती अशी गाठ पडली, की पाण्याला जायला वाट राहत नाही. २००५ च्या २६ जुलैला कल्याण आणि बदलापूरने जे पाणी पाहिले त्याला वादळाचे नावसुद्धा नव्हते. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्यासारखीने खिडक्यांची आणि तळमजल्यावरच्या शेजाऱ्याने नाल्याची काळजी करावी. एकच पत्रक, पण प्रत्येक घराने ते निराळे वाचायचे असते.

आत्याच्या घरावर नवे पत्रे चढले. पण ती आता माझ्याकडे राहते. "बघू पुढे" हे शब्द त्या सोमवारनंतर तिच्या तोंडून गेले. दिवाळीच्या पहाटे आमची मंडळी फडके रोडवर निघाली, की ती गॅलरीत खुर्ची टाकून बसते. गुडघ्यांमुळे तिला जाववत नाही आणि तिला सोडून मला जाववत नाही. नव्वदीकडे झुकली आहे, दृष्टी मंद झाली आहे. कंदिलाकडे बघत ती दरवर्षी तोच प्रश्न विचारते, "काय ग, यंदा समुद्रात काही आहे का?"

मी आत जाऊन पत्रक बघून येते आणि मगच उत्तर देते.