एका ‘तर’ची गोष्ट

विज्ञानकथा लेखकाला सुचते कशी, असे विद्यार्थी विचारतात. त्यासाठी आपण एच. जी. वेल्स यांची ‘द वर्ल्ड सेट फ्री’ (१९१४) ही कादंबरी पाहू.

फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाचे रेडियमवरील पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. रेडियमच्या अणूंत प्रचंड ऊर्जा असते, पण ती फार सावकाश बाहेर पडते. निम्मे अणू विघटित व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. हा वेग माणसाला वाढवता आला तर? या एका ‘तर’वर वेल्स यांनी कादंबरी रचली. तीत मुबलक ऊर्जा आहे, तसेच ‘अणुबाँब’ही आहेत. कादंबरी त्यांनी सॉडींच्या पुस्तकालाच अर्पण केली.

तपशिलात मात्र वेल्स चुकले. किरणोत्सर्गी विघटनाचा वेग आपल्याला मनाजोगता वाढवता येत नाही. खरी वाट न्यूट्रॉनची होती. न्यूट्रॉनने जड अणूचे केंद्रक फुटते, त्यातून नवे न्यूट्रॉन सुटतात आणि ते पुढची केंद्रके फोडतात.

न्यूट्रॉनचा शोध १९३२ मध्ये लागला. त्याच वर्षी लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने ही कादंबरी वाचली. १९३३ मध्ये लंडनमध्ये त्यांना अशा शृंखला अभिक्रियेची कल्पना सुचली. तिचा शेवट कशात होऊ शकतो हे कादंबरीने दाखवलेच होते. म्हणून त्यांनी आपले पेटंट गुप्त राखण्यासाठी ब्रिटिश नौदलाच्या हवाली केले. तरीही १९४५ साली हिरोशिमा घडलेच.

पाठ्यपुस्तकातला एखादा नियम घेऊन वर्गात असाच एक ‘तर’ विचारून पाहू या. मात्र ‘मग माणसांचे काय होईल?’ हा प्रश्नही त्याच तासाला विचारायला हवा.