गळा न दाखवणारा गायक

गाणं ऐकताना : लेखांक १४

अरुण दाते गेले तो रविवार होता, ६ मे २०१८. मुंबईत, राहत्या घरी त्यांनी जगाचा निरोप घेतला. वयाची चौऱ्याऐंशी वर्षं पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. बातमी कळल्यावर माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी पहिलं काम काय केलं, तर 'शुक्रतारा' लावलं. त्यातल्या बहुतेकांनी दात्यांना कधी जवळून पाहिलेलं नव्हतं. काहींना तर त्यांचा चेहराही नीट आठवत नव्हता. तरी आवाज ऐकताना घरातलंच माणूस गेल्यासारखं वाटलं, असं ते सांगत होते. हे असं का होतं, याचा शोध आज घ्यायचा आहे. माझ्या मते त्याचं उत्तर त्यांच्या गाण्याच्या पद्धतीत आहे आणि ते कानांनी तपासून पाहता येतं.

हा आवाज तसा मोठ्या पल्ल्याचा नव्हता. तार सप्तकात जाऊन छप्पर हलवावं, तानांची फेक करून टाळ्या घ्याव्यात, असं त्यात काही नाही. मऊ, थोडा दबलेला, लांबवलेल्या सुरावर किंचित थरथरणारा असा तो गळा. तलत महमूदची आठवण अनेकांना व्हायची ती या कंपामुळेच. असा आवाज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणाच्या वाट्याला आला असता, तर तो माणूस गायक झालाच नसता. कारण सरळ आहे. तेव्हा गायकासमोर मायक्रोफोन नव्हता.

१९०२ साली गौहर जाननं पहिल्या तबकड्या भरल्या तेव्हा गायकाला एका कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून गावं लागे. आवाजाच्या धक्क्यानंच सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. हळू गायलं तर रेघच उमटत नसे. नाटकातही तीच गत. पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पद पोचलं पाहिजे, म्हणून संगीत नटांचे गळे खुले आणि टोकदार. १९२५ च्या सुमाराला विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि गायकाच्या ओठांपासून वीतभर अंतरावर मायक्रोफोन येऊन बसला. आता कुजबुजही टिपली जाऊ लागली. पुढच्या काही वर्षांतच मराठीत भावगीत अवतरलं, हा माझ्या लेखी नुसता योगायोग नाही. तिशीच्या दशकात जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गायली, मग जे. एल. रानडे, गजानन वाटवे आले. कविता हळू आवाजात, एकाच माणसाला सांगितल्यासारखी म्हणता येते, हे मराठी कानांना तेव्हा कळलं.

दुसरा धागा आकाशवाणीचा. गीतरामायणावरच्या लेखांकात त्याचा ओझरता उल्लेख झाला होता. १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा, चित्रपटसंगीताचं त्यांना वावडं. सरकारी रेडिओवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. त्यांना परत आणायचं तर त्यांच्या कानावर काहीतरी गोड घालणं भाग होतं, म्हणून केंद्राकेंद्रावर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. चांगल्या कवीची कविता घ्यायची, चांगल्या संगीतकाराकडून तिला चाल लावून घ्यायची आणि आवाजाची परीक्षा पास झालेल्या कलावंताकडून ती गाऊन घ्यायची. केसकरांच्या धोरणावर पुष्कळ टीका झाली, आणि ती रास्तच होती. पण मराठी भावगीताच्या पदरात त्यातून मोठं दान पडलं, हेही मान्य केलं पाहिजे.

अरुण दाते १९५५ पासून आकाशवाणीवर गाऊ लागले, पण गात होते ते उर्दू-हिंदी. मूळ नाव अरविंद, जन्म इंदूरचा, ४ मे १९३४ चा. वडील रामूभैया दाते म्हणजे त्या शहरातलं रसिकतेचं मोठं ठाणं. पु. ल. देशपांड्यांनी त्यांच्यावर लिहिलेलं व्यक्तिचित्र अनेकांनी वाचलं असेल. त्या घरात कुमार गंधर्व, बेगम अख्तर यांच्यासारख्यांचा राबता. पुढे कुमारांकडेच अरुणचं शिकणंही झालं. पण मला वाटतं, त्या घरानं त्याला गाण्याआधी ऐकायला शिकवलं. बैठकीत शेर म्हटला जातो तेव्हा पहिली ओळ पुन्हापुन्हा येते, ऐकणाऱ्याची उत्सुकता ताणली जाते आणि मगच दुसरी ओळ अलगद सुटते. सगळी कमाई त्या थांबण्यात असते. लहानपणापासून हे ज्याच्या कानांवर पडलं, तो पुढे मराठी कविता गाताना शब्दाला घाई कशी करेल?

मराठी गायला मात्र ते कचरत होते. इंदुरी वळणाची आपली भाषा, उच्चारांत हिंदी-उर्दू डोकावेल आणि मराठी श्रोते नावं ठेवतील, ही भीती. संगीतकार श्रीनिवास खळे ऐकेनात. १९६२ मध्ये मंगेश पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल आणि दात्यांचा आवाज 'शुक्रतारा'त एकत्र आले. सोबतीला होत्या सुधा मल्होत्रा, त्याही हिंदीतल्या. मराठीतलं बहुधा सर्वांत लाडकं प्रेमगीत अशा दोघांनी गायलं, ज्यांच्या रोजच्या जगण्यात हिंदीचा वावर मोठा होता. मला यात खळ्यांची नजर दिसते. परक्या जिभेनं शब्द सांभाळून उच्चारला की तो पुन्हा नवा होतो.

सुधाताईंविषयी एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांचं लग्न मोटवानी कुटुंबात झालं. शिकागो रेडिओ ही प्रसिद्ध माईक-लाउडस्पीकर कंपनी त्याच घराण्याची. स्वातंत्र्याच्या काळात मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या सभांत जे माईक दिसत, त्यांवर हे नाव असायचं. हजारोंच्या सभेपर्यंत आवाज पोचवणारं यंत्र आणि एका माणसाच्या कानाशी बोलणारं गाणं असा योग या एका नावात जुळून आलाय.

आता 'शुक्रतारा' नीट ऐकू. चाल यमनच्या छायेतली. खळ्यांच्या चालींची ख्याती अशी की ऐकताना सोप्या वाटतात आणि गायला बसलं की घाम फुटतो. दाते सुरुवात करतात तेव्हा 'शुक्र'मधल्या जोडाक्षरावर जोर देत नाहीत. तिथे आघात केला असता तर संध्याकाळ तिथेच मोडली असती. 'मंद' म्हणताना अनुस्वार नाकात अडकू न देता पुढच्या 'द'मध्ये विरघळवतात. 'तारा', 'वारा' यांच्या शेवटच्या 'रा'वर आवाज फुगत नाही, उलट हलकेच मागे सरतो. तीन-चार शब्दांत एवढं सगळं होतं आणि कुठेही 'पाहा, मी काय केलं' असं नाही. हरकतीच्या जागा खळ्यांनी चालीतच ठेवलेल्या आहेत, गायकानं त्यांवर स्वतःची भर घालायची नाही. दाते घालत नाहीत. हा संयम गळा नसल्यामुळे आलेला नव्हता, हे त्यांच्या गझला ऐकल्या की पटतं.

खळ्यांनंतर त्यांना यशवंत देव भेटले आणि जे एका गाण्यात घडलं होतं त्याची वाट तयार झाली. देव आकाशवाणीवर अनेक वर्षं संगीत निर्माते होते. 'शब्दप्रधान गायकी' हे त्यांच्या पुस्तकाचं नावच त्यांची भूमिका सांगतं. गायकानं आधी कविता समजून घ्यावी, तिचा अर्थ जिथे वळतो तिथेच सुरानं वळावं, असा त्यांचा आग्रह. पाडगावकर, देव आणि दाते यांच्या गाण्यांची यादी मी देत बसत नाही, ती वाचकांना माझ्याहून जास्त पाठ आहे. एकच घेतो, 'भातुकलीच्या खेळामधली'.

खेळातल्या राजाराणीच्या आडून इथे एक ताटातूट सांगितली आहे. रडवेलं गाणं व्हायला सगळी सामग्री हजर. गाणं सुरू होतं तेच 'भ'नं. हे महाप्राण अक्षर, त्यात हवेचा झोत असतो. माईकजवळ तोंड ठेवून ते सरळ उच्चारलं तर धप्प असा आवाज येतो. प, फ, भ या अक्षरांनी कितीतरी नवख्या गायकांची ध्वनिमुद्रणं बिघडली आहेत. दाते तो 'भ' ओठांवरून नुसता उतरू देतात. लहान मूल झोपलेल्या खोलीत दार लोटावं तसा. मग पुढची सगळी गोष्ट त्याच पातळीवर, सांगणाऱ्याच्या सुरात येते. राजाचं दुःख येतं तिथेही आवाज चढत नाही. हुंदका आणला असता तर श्रोत्याला करायला काही उरलं नसतं. तो त्यांनी आणला नाही, म्हणून आपला कंठ दाटतो.

त्यांचं सगळंच गाणं एकसारखं, सपाट वाटतं, असा आक्षेप जाणकार अधूनमधून घेत आले आहेत. शास्त्रीय मैफलीच्या मापानं मोजलं तर तो टिकेलही. मला मात्र तो मान्य नाही. सुरेश भटांचं 'सूर मागू तुला' हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत दात्यांनी गायलंय, ते 'भातुकली'च्या लगेच पुढे लावून पाहा. चाल अवघड वळणांची, शब्दांत आयुष्याशी झोंबी. तोच मऊ गळा इथे वाकत नाही. ओळीच्या अखेरीला तो सूर धरून ठेवतो, 'शुक्रतारा'तल्यासारखा सोडून देत नाही. बदल बारीक आहे, पण अर्थ सगळा त्यातच आहे.

वस्त्रोद्योगातली नोकरी त्यांनी बरीच वर्षं केली. पूर्णवेळ गायक ते उशिरा झाले. मग 'शुक्रतारा' याच नावानं त्यांच्या कार्यक्रमांची मालिका सुरू झाली आणि प्रयोगांची संख्या अडीच हजारांच्या पुढे गेली. महाराष्ट्रातली लहान गावं झाली, परदेशातली मराठी मंडळं झाली. या मैफलींत मुखडा सुरू झाला की सभागृह गुणगुणू लागे. मोठ्या गवयाच्या पुढे आपण तोंड उघडत नाही, संकोच वाटतो. दात्यांच्या पुढे तो वाटत नसे. त्यांनी गाणं इतकं विनासायास मांडलेलं असे की ते आपल्यालाही येतं असं वाटायचं. घरी येऊन म्हणून पाहिलं की जमायचं नाही, पण त्यानं कुणी खट्टू होत नसे.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे यायचं तर, लोकांनी या गायकाची उंची लांबून पाहिली नव्हती, त्याचा आवाज स्वतःच्या ओठांवर खेळवला होता. साखरपुड्याच्या संध्याकाळी, नव्या सुनेला गाण्याचा आग्रह करताना, निवृत्तीच्या समारंभात, आजारपणात उशाशी लावलेल्या रेडिओवर तो आवाज वापरला गेला. वापरला गेला, हा शब्द मी जाणूनबुजून योजतोय. रोजच्या वापरातली वस्तू हरपली की कळ निराळी असते.

अरुण दाते गेले त्याच वर्षी, ३० ऑक्टोबर २०१८ ला, यशवंत देवही गेले. पुढच्या आठवड्यात देवांच्या चालींकडे वळू. तोवर एक करा. 'भातुकली' हेडफोन लावून, आवाज कमी ठेवून ऐका, आणि दाते श्वास नेमका कुठे घेतात ते शोधा. पुढच्या लेखांकाची सुरुवात तिथूनच करायची आहे.