मोटारसायकलवरून फाटक उघडताना

जुलै महिन्यातली एक रात्र डोळ्यांसमोर आणा. कल्याण-शीळ रस्त्याने एक गृहस्थ मोटारसायकलवरून डोंबिवलीला घरी येत आहेत. अंगात रेनकोट, हातांत भिजलेले हातमोजे, मागे पत्नी आणि तिच्या मांडीवर भाजीची पिशवी. सोसायटीने फाटकाला मोटर बसवली असून प्रत्येक घराला एकेक छोटा रिमोट दिला आहे. तो रिमोट या क्षणी कोठे आहे? रेनकोटाच्या आत, पँटच्या खिशात, किल्ल्यांच्या जुडग्यात! फाटकापुढे नेमका चढ. उजव्या हाताने ब्रेक दाबून धरायचा, एका पायावर गाडी तोलायची आणि डाव्या हाताने खिसा चाचपायचा. शेवाळलेल्या फरशीवर तो पाय जरा सरकला, की गाडी आणि दोन माणसे आडवी व्हायला वेळ लागत नाही.

मोटारीतल्या माणसाला ही अडचण नसते. त्याचा रिमोट डोक्यावरच्या ऊन अडवणाऱ्या झडपेला अडकवलेला असतो. मोटारसायकलला झडपही नाही नि छप्परही नाही. मग रिमोट गाडीतच कायमचा बसवून हँडलवरच्या बटणाने का चालवू नये? (आपल्याकडे गॅरेज म्हटले की ग्रीसने काळे झालेले हात आणि पान्यांचा ढीग आठवतो, अमेरिकेत गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली गाडीची खोली. तिचे दार उघडणारे यंत्र आणि आपल्या सोसायटीच्या फाटकाची किंवा बंगल्याच्या रोलिंग शटरची मोटर ही एकाच कुळातली.) काम अर्ध्या तासाचे दिसते. पण त्यात दहावी-बारावीच्या पुस्तकातले बरेच पदार्थविज्ञान दडले आहे, आणि थोडे मराठीचे व्याकरणसुद्धा. ते कसे, ते पुढे येईलच.

प्रथम रिमोट काय करतो ते पाहू. तो एक चिमुकले प्रेषण-केंद्र आहे. बटण दाबले की त्यातून रेडिओ तरंग निघतात, आणि मोटरीजवळचा ग्राहक ते पकडून रिले चालवतो. तारेविना दूरवरची वस्तू हलवण्याची ही करामत जुनी आहे. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अशाच अदृश्य तरंगांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली होती. आपल्याकडच्या फाटकांचे बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर चालतात. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा सरकारने परवान्याविना मोकळा ठेवलेला आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिकडचा रिमोट पाठवला तर तो येथे बहुधा निरुपयोगी ठरेल, कारण तिकडे ३१५ वा ३९० मेगाहर्ट्झ अशा वारंवारता वापरतात.

आता तरंगलांबी काढा. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर, त्याला ४३.३९ कोटींनी भागले की उत्तर येते सुमारे ६९ सेंटीमीटर. चांगला अँटेना याच्या एक-चतुर्थांश, म्हणजे सुमारे १७ सेंटीमीटर लांब हवा. तुमच्या फाटकाच्या ग्राहकातून एखादी तार शेपटीसारखी लोंबत असेल तर फूटपट्टी लावून पाहा. रिमोट मात्र सगळा मिळून पाच-सहा सेंटीमीटरचा. त्यामुळे त्यातला अँटेना म्हणजे तांब्याचा एक आखूड वेटोळा पट्टा असतो आणि त्याची कार्यक्षमता बेताचीच असते. असा अशक्त प्रेषक पेट्रोलच्या लोखंडी टाकीला चिकटवून बसवला तर काय होईल?

याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते. मोबाइलएवढा छोटा एफएम रेडिओ चालू करून स्टीलच्या डब्यात ठेवा आणि झाकण घट्ट लावा. गाणे बंद पडून खरखर तरी सुरू होते किंवा आवाज पार बसतो. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन तरंगाच्या विद्युत्-क्षेत्राने हलतात आणि तरंगाला आत शिरू देत नाहीत. आता त्याच डब्यात मोबाइल ठेवून त्यावर फोन करा. तो पुष्कळदा वाजतो! एफएमची तरंगलांबी सुमारे तीन मीटर, मोबाइलची त्याहून कितीतरी कमी. झाकणाच्या फटीतून मोठ्या लांबीचे तरंग निसटत नाहीत, लहान लांबीचे निसटतात. रिमोटचे तरंग या दोहोंच्या मधले. म्हणून त्याला धातूपासून चार बोटे दूर, प्लॅस्टिकच्या आवरणामागे जागा द्यावी. हेडलाइटमागचा प्लॅस्टिकचा मुखवटा सर्वांत उत्तम, कारण फाटक समोर असते. सीटखाली ठेवल्यास टाकी आणि स्वाराचे पाण्याने भरलेले शरीर ही दोन्ही वाटेत येतात. पावसाच्या थेंबांचा या तरंगांना फारसा अडथळा होत नाही. भीती आहे ती डबीत शिरणाऱ्या पाण्याची आणि गाडीच्या हादऱ्यांनी घटाच्या स्प्रिंगची पकड सुटण्याची. तेव्हा डबी घट्ट झाकणाची हवी आणि आत फोमचा तुकडा हवा.

यापुढचा प्रश्न विजेचा. येथे माझी स्वतःची फजिती सांगतो. माझ्या रिमोटला तीन व्होल्टचा नाण्यासारखा घट होता. मनात आले, गाडीत बारा व्होल्टची बॅटरी असताना हा घट हवा कशाला? रिमोट दाबल्यावर सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह घेत होता. नऊ व्होल्ट रोधात घालवायचे, तर नऊला ०.०१ ने भागून रोध आला ९०० ओहम. झाळले, जोडले, आणि रिमोट त्याच क्षणी कायमचा मुका झाला. असे का व्हावे? बटण दाबलेले नसताना रिमोट जेमतेम एक मायक्रोअँपिअर प्रवाह घेतो. एवढ्याशा प्रवाहाने ९०० ओहममध्ये एक मिलिव्होल्टसुद्धा खर्ची पडत नाही, म्हणून सगळेच्या सगळे बारा व्होल्ट त्या नाजूक चिपवर आले. ओहमचा नियम वर्गात वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या माणसाने ही चूक करावी! नियम बरोबर होता; प्रवाह कायम तेवढाच राहील हे मी गृहीत धरले होते, ते चूक होते. शिवाय गाडीचे 'बारा' व्होल्टही नावालाच बारा. इंजिन चालू असताना ते १४ च्या वर जातात, आणि हॉर्न, स्टार्टर यांच्या प्रत्येक उघडझापीला त्यावर क्षणिक धक्के उमटतात ते वेगळेच.

यातून सुटका करतो तो रिले. रिमोटचा घट त्याच्याच पोटात राहू द्यावा. रिमोटच्या बटणाची दोन टोके दोन बारीक तारांनी रिलेच्या संपर्कांना झाळावीत, आणि रिलेचे वेटोळे हँडलवरच्या बटणामार्फत गाडीच्या बॅटरीला जोडावे. बटण दाबले की वेटोळे चुंबक बनते, पट्टी ओढली जाते आणि रिमोटचे बटण जणू एका अदृश्य बोटाने दाबले जाते. दोन परिपथांत विजेचा एकही समान धागा नाही. बारा व्होल्टच्या साध्या रिलेच्या वेटोळ्याचा रोध ४०० ओहमच्या आसपास असतो. प्रवाह झाला ३० मिलिअँपिअर, म्हणजे हेडलाइटच्या मानाने नगण्य. वेटोळ्याच्या दोन टोकांवर एक डायोड उलटा जोडायला विसरू नका. बटण सोडताच चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि प्रवर्तनाने मूळ विभवाच्या कितीतरी पट विभव उलट दिशेने निर्माण होते. डायोड त्याला आतल्या आत फिरवून जिरवतो. ओळीत एक छोटा फ्यूजही हवा. हे सारे सामान लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. शाळकरी वाचकांनी गाडीवरचे काम मात्र वडीलधाऱ्यांना आणि माहीतगार मेकॅनिकला बरोबर घेऊनच करावे.

ही वीज चावीनंतरच्या वायरीतून घ्यावी, थेट बॅटरीतून नव्हे. आपल्या हजारो गाड्या दिवसभर कल्याण, डोंबिवली, ठाणे स्टेशनांजवळच्या वाहनतळांत बेवारस उभ्या असतात. चावीविना बटण चालत असेल तर ती गाडी म्हणजे रस्त्यावर टांगलेली घराची किल्ली झाली. तरी एक धोका उरतोच. रिमोटला स्वतःचा घट आहे, तेव्हा डबीच उपटून नेणाऱ्याला चावीची गरज नाही, आणि पत्ता गाडीतल्या कागदपत्रांवर लिहिलेला असतो! म्हणून डबी दिसेल अशी बसवू नये, आणि हरवलेला रिमोट ग्राहकाच्या स्मृतीतून कसा पुसतात हे बसवणाऱ्याकडून आधीच शिकून घ्यावे.

आता व्याकरण. शेजारच्या इमारतीचा रिमोट तुमचे फाटक उघडत नाही, कारण प्रत्येक रिमोट तरंगावर शून्य आणि एक यांचा एक संकेत लादून पाठवतो. जुन्या रिमोटांत बारा छोट्या खिट्या वरखाली करून हा संकेत ठरवीत. बारा खिट्या म्हणजे २ चा बारावा घात, ४०९६ संकेत. चोराने सगळे एकामागून एक पाठवायचे ठरवले तर ४०९६ × १२ = ४९,१५२ अंक पाठवावे लागतील. एका अंकाला दोन सहस्रांश सेकंद धरले तर सुमारे ९८ सेकंद.

पण वृत्ते शिकताना पाठ केलेले 'यमाताराजभानसलगा' आठवते का? लघूला ० आणि गुरूला १ लिहा: ०१११०१०००१. पहिली तीन अक्षरे य-मा-ता, ०११, हा य गण. एक अक्षर पुढे सरका: मा-ता-रा, १११, म गण. पुन्हा सरका: ता-रा-ज, ११०, त गण. असे शेवटपर्यंत जा. आठही गण एकेकदा भेटतात, एकही दुसऱ्यांदा येत नाही. वेगवेगळे लिहिले असते तर २४ अक्षरे लागली असती, येथे दहांत काम भागले. डच गणिती द ब्रोइन यांनी १९४६ साली अशा मालिकांचा अभ्यास मांडला. बारा अंकी संकेतांची अशी मालिका ४०९६ + ११ = ४१०७ अंकांची होते. काही जुने ग्राहक नेमके असेच वाचतात: नवा अंक एका टोकाने आत, सर्वांत जुना दुसऱ्या टोकाने बाहेर, आणि हाती असलेले बारा जुळले की दार उघडते. मग ९८ सेकंदांचे काम सव्वाआठ सेकंदांत! २०१५ साली अमेरिकेतील सॅमी कामकार या संगणक-तज्ज्ञाने मुलांच्या एका खेळण्यात फेरफार करून, अशी दारे दहा सेकंदांच्या आत उघडता येतात हे दाखवून दिले.

पुढे वीस अंकी संकेतांचे रिमोट आले. त्यांचे संकेत दहा लाखांवर भरतात, तेव्हा ते अंदाजाने शोधणे लांबते. परंतु संकेत प्रत्येक वेळी तोच असेल, तर तो एकदा ऐकून पुन्हा वाजवणे सोपे आहे. किल्लीवाल्याने पाच मिनिटांत तुमच्या रिमोटची नक्कल करून दिली, तर तुमचा संकेत बहुधा स्थिर आहे असे समजा. यावर उपाय म्हणजे दर दाबण्याला बदलणारा संकेत. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात निघालेली 'कीलॉक' ही अशी एक प्रसिद्ध पद्धत. रिमोट आणि ग्राहक दोघेही एक मोजणी ठेवतात. प्रत्येक दाबण्याला आकडा एकाने वाढतो आणि गुप्त किल्लीने विस्कटून पाठवला जातो. मागचा आकडा आला तर ग्राहक ढिम्म. (२००८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी हीही पद्धत भेदली, परंतु ते काम स्टेशनजवळच्या भुरट्याचे नव्हे.)

आणि येथे मोटारसायकलवाल्याची एक गंमत होते. पुष्कळजण वेगळे बटण न लावता पास लाइटच्या स्विचलाच रिले जोडतात. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर कायम पेटलेला असतो, म्हणून हेडलाइटची वायर उपयोगाची नाही. पास लाइटचा स्विच मात्र मोकळा असतो. तर हे गृहस्थ ठाण्याहून मुंब्रा बायपास, शीळफाटा करीत येताना ट्रकांना चाळीस वेळा दिवा दाखवतात. तितक्या वेळा रिमोटही बोलतो, फाटक ऐकण्याच्या टप्प्यात नसते, आणि रिमोटची मोजणी चाळीसने पुढे जाते. कीलॉकचा ग्राहक पुढच्या सोळा आकड्यांपर्यंत निमूटपणे दार उघडतो. त्याहून पुढचा आकडा आला तर लागोपाठ दोनदा बरोबर संकेत आल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. म्हणजे पहिल्या दाबाला फाटक जागचे हलत नाही. 'रिमोट बिघडला' म्हणून तक्रार होते, आणि दुरुस्त करणारा यायच्या आत तो 'आपोआप' सुधारतो! मी म्हणेन, शंभर-दीडशे रुपये जास्त गेले तरी वेगळे, पाणी न शिरणारे बटण लावा.

ते दाबावे केव्हा, हेही गणिताने ठरवता येते. सरकत्या फाटकाच्या मोटरी मिनिटाला सुमारे दहा-बारा मीटर वेगाने फाटक ओढतात. सेकंदाला २० सेंटीमीटर धरले तर चार मीटरचे फाटक पूर्ण उघडायला २० सेकंद. ताशी २० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. तीस मीटरवरून बटण दाबले तर साडेपाच सेकंदांत ती फाटकाशी पोचते, आणि तेव्हा फट असते सुमारे १.१ मीटर. हँडलची रुंदी पाऊण मीटरच्या आसपास. मोह होतो खरा. पण त्या वेळी फाटकाआड कोणी पोर सायकल घेऊन उभे आहे का, हे स्वाराला दिसत नाही, आणि फाटकाच्या मार्गावर पहारा देणारा प्रकाशकिरण सहसा फाटक मिटताना माणसाला वाचवण्यासाठी लावलेला असतो, उघड्या फटीतून येणाऱ्या गाडीपुढून कोणाला बाजूला करण्यासाठी नव्हे. वेग निम्मा केला तर त्याच तीस मीटरांना अकरा सेकंद मिळतात आणि फाटक दोन मीटरांहून अधिक उघडते. तुमच्या फाटकाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा, रिमोटचा पल्ला पावलांनी मोजा, आणि तुमच्या चढावर गाडी कोठे न थांबता आत येऊ शकते ती जागा खडूने आखून ठेवा.