पोकळ भौमितिक अक्षर आणि देवनागरीची शिरोरेषा

ग्रंथाचे मुखपृष्ठ, शाळेचा नामफलक, संमेलनाचे निमंत्रण अशा ठिकाणी ज्यास आपण ‘पोकळ अक्षर’ म्हणतो, त्याची केवळ बाह्यरेषा रेखाटलेली असते. पोट रिकामे असते. तेच कंपास व पट्टी यांच्या साहाय्याने घडविले, म्हणजे भौमितिक झाले. रोमन लिपीस ही घडण मानवते. पाउल रेनर यांची १९२७ मधील ‘फुटुरा’ अशीच वर्तुळावर आणि सरळ रेषेवर उभी आहे. शिवाय तेथे प्रत्येक अक्षर सुटे असल्यामुळे त्याची बाह्यरेषा आपल्यापुरती पूर्ण होते. देवनागरीत शिरोरेषा ही एका अक्षराची नव्हे, सबंध शब्दाची असते, आणि अडचणीचे मूळ तेथेच आहे.

‘खैरलांजी’ हे नाव घेऊ. बालाघाट जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेजवळचे हे तहसिलीचे गाव. यातील प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा बंद करून अक्षरे शेजारी मांडली, तर शिरोरेषेत जागोजाग उभे छेद पडतात आणि शब्द विटांच्या थरासारखा दिसू लागतो. भरीव अक्षरात असे सांधे झाकले जातात. पोकळ अक्षरात ते उघडे पडतात. म्हणून शिरोरेषेची टोके मोकळी सोडून ती केवळ शब्दाच्या आरंभी व अंती मिटवावी लागतात. काना जेथे शिरोरेषेस मिळतो, तेथेही मधली रेषा काढून टाकावयाची. गुजरातीस शिरोरेषाच नाही. ‘कुमार वन’ या गुजराती अक्षरसंचाचे पोकळ रूपही उपलब्ध आहे, आणि तेथे हा खटाटोप करावा लागत नाही.

याच नावातील ‘ल’ विशेष विचार करण्याजोगा आहे. हिंदी वळणाच्या ल ला स्वतःचा दंड असतो. त्यापुढे काना आला की दोन दंडांच्या चार समांतर रेषा होतात आणि डोळा अडखळतो. मराठीचा पाकळीयुक्त ल, जो महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने प्रमाण मानला, त्यास उभा दंड नाही. त्याच्या पाकळ्या तर जणू कंपासासाठीच जन्मल्या आहेत. सीमाभागातील फलकावर कोणता ल असावा, हा वाद आपण सहसा अस्मितेच्या अंगाने घालतो. पोकळ अक्षरापुरता तरी मराठी ल रेखाटनाच्या कसोटीवरच सरस ठरतो.

अनुस्वाराचे तसे नाही. पोकळ केलेला टिंब शून्यासारखा भासतो. तो भरीवच ठेवावा, असे माझे मत आहे. ‘खै’वरील दोन मात्रांत पुरेसे अंतर न ठेवल्यास त्या एकमेकींत गुंततात.

इंडियन टाईप फाउंड्रीच्या ‘पॉपिन्स’मध्ये (२०१४) निनाद काळे यांनी देवनागरीस समरेख, वर्तुळाकार वळण दिले आहे. पोकळ अक्षर रेखाटू इच्छिणाऱ्याने प्रथम त्याचा अभ्यास करावा. कारण बोरूच्या जाड-बारीक वळणाची बाह्यरेषा काढली, तर बारीक भागात दोन्ही रेषा एकमेकींस चिकटतात.

पोकळ अक्षर दोनचार शब्दांच्या मोठ्या शीर्षकापुरते वापरावे. लहान आकारात ‘ख’ची पोकळी भरून जाते, आणि जोडाक्षरांची दाटी असलेले शीर्षक तर त्यात बसवूच नये.