मानेतलं सुटं हाड

सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या रानवाटेने येणाऱ्या बाईचं सगळं ओझं मानेत आधी वरच्या दोन मणक्यांवर उतरतं. कवटीखालचा पहिला मणका म्हणजे नुसतं कडं. दुसऱ्या मणक्यातून हाडाची एक खुंटी वर येऊन त्या कड्यात बसते. मान वळवण्याची जवळपास निम्मी हालचाल याच सांध्यात होते. खुंटीला जागेवर धरणाऱ्या आडव्या अस्थिबंधामागे लगेच मज्जारज्जू असतो.

क्वचित कुणाच्या मानेत ही खुंटी बुडाशी जोडलेलीच नसते; तिथे गुळगुळीत कडांचं सुटं हाड असतं. त्याला ‘ऑस ओडोन्टॉइडियम’ म्हणतात. १८८६ मध्ये इटलीच्या जिआकोमिनी यांनी ते प्रथम नोंदवलं. हा दोष जन्मजात, की लहानपणी पडून मोडलेली खुंटी न जुळल्याचा परिणाम, हा वाद जुना आहे. आधीच्या एक्स-रेत खुंटी धड असलेल्या मुलांमध्ये पुढे सुटं हाड सापडलं आहे, तसंच ते एकाच कुटुंबातल्या अनेकांतही आढळलं आहे. म्हणजे दोन्ही वाटा खऱ्या असाव्यात.

काहींना आयुष्यभर त्रास होत नाही. काहींच्या मात्र मज्जारज्जूवर दाब येऊन हातातला घास सांडू लागतो, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. अशा वेळी साधं पडणंही चारही हातपाय लुळे करू शकतं.

सरळ मानेच्या एक्स-रेत सांधा जागेवर दिसू शकतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णाने स्वतः मान पुढे आणि मागे झुकवून बाजूने एक्स-रे काढावे लागतात. पहिला मणका सरकत असेल, तर ते तेव्हा दिसतं.

यावरच्या शस्त्रक्रियेत मुंबईचं नाव जगभर घेतलं जातं. तेव्हा केईएम रुग्णालयात असलेल्या डॉ. अतुल गोयल यांनी दोन्ही मणक्यांत स्क्रू बसवून ते पट्टीने जोडण्याची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई वापरली. मेंदूला रक्त नेणारी धमनी शेजारूनच जाते, त्यामुळे काम फार नाजूक. मान पूर्वीइतकी वळत नाही, पण मज्जारज्जू वाचतो.

गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या शोधग्राममधल्या रुग्णालयात मुंबईच्या स्पाइन फाउंडेशनचे डॉक्टर येऊन मणक्याचे रुग्ण तपासतात, हा मोठा आधार आहे. तरीही भामरागड, सिरोंच्याहून मोठ्या रुग्णालयाची वाट लांबच. म्हणून मान जपायला गावातूनच सुरुवात हवी: मोहाच्या झाडावरून पडलेल्या माणसाला हातापायांना धरून उचलू नये. डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून त्याला खाटेवर घ्यावं आणि मानेच्या दोन्ही बाजूंना लुगड्याच्या गुंडाळ्या लावाव्यात.