सामायिक दप्तर : वाचनाची मुभा व लेखनाचा अधिकार

आदिलाबाद जिल्ह्यातील जमिनीच्या वादात 1954-55 च्या खासरा पहाणीस विशेष महत्त्व आहे. ही नोंद हैदराबाद राज्याच्या काळातील असून किनवट व राजुरा हे भागही त्या वेळी याच जिल्ह्यात मोडत असत. अनुसूचित क्षेत्रातील आदिवासींची जमीन इतरांकडे जाऊ नये यासाठी 1959 चा विनियम झाला, तो 1963 मध्ये तेलंगण भागास लागू झाला व 1970 मध्ये अधिक कडक करण्यात आला. त्यामुळे तत्पूर्वी जमीन कोणाच्या नावे होती, हे पाहण्यासाठी जुने पान वारंवार उघडावे लागते.

अशा पानांच्या प्रतिमा संगणकीय संग्रहपेटीत ठेवल्या म्हणजे अनेक टेबलांवरून त्या एकाच वेळी पाहता येतात. मात्र कपाटाची किल्ली एका कारकुनाजवळ असे, तशी सोय येथे आपोआप होत नाही. ती आज्ञा टंकून करावी लागते.

संगणकांमध्ये संचिका सामायिक करण्याची ‘एनएफएस’ ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने 1984 मध्ये आणली. लिनक्सवर चालणाऱ्या पेटीत ‘एक्सपोर्ट्स’ नावाची एक यादी असते. तिच्या प्रत्येक ओळीत प्रथम कप्प्याचे नाव, नंतर ज्या संगणकास तो उघडा करावयाचा त्याचा क्रमांक, आणि क्रमांकास लागून कंसात अटी लिहितात. ‘आरओ’ म्हणजे केवळ वाचन. ‘आरडब्ल्यू’ म्हणजे वाचन व लेखन दोन्ही. जुन्या नोंदींच्या कप्प्यास सर्वत्र ‘आरओ’ हीच अट असावी. नवीन प्रतिमा चढविणाऱ्या एकाच संगणकास ‘आरडब्ल्यू’ द्यावे.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावयास हवा. क्रमांक व कंस यांच्यामध्ये रिकामी जागा सुटली, तर अर्थच पालटतो. कंसातील अटी त्या संगणकापुरत्या न राहता जाळ्यातील सर्वांना लागू होतात, आणि ज्याला लेखनाधिकार द्यावयाचा तो मात्र वाचनापुरताच उरतो. यंत्र याबद्दल तक्रार करीलच असे नाही. एका रिकाम्या जागेने सारे दप्तर खुले व्हावे, ही रचना विचित्र खरी. पण ती तशी आहे.

यादी बदलल्यावर ‘एक्सपोर्टएफएस’ या आज्ञेस ‘आर’ व ‘ए’ ही अक्षरे जोडून ती पुन्हा वाचावयास लावावी. त्याच आज्ञेस ‘व्ही’ जोडल्यास प्रत्यक्षात कोणत्या अटी लागू झाल्या ते पडद्यावर दिसते. आपण काय लिहिले यापेक्षा यंत्राने काय स्वीकारले, हे महत्त्वाचे. काही तयार पेट्यांत ही यादी यंत्र स्वतःच नव्याने लिहिते व हाताने केलेला बदल पुसला जातो. तेथे त्या पेटीच्याच आज्ञा वापराव्यात.

‘रूट स्क्वॅश’ ही अट काढू नये. दुसऱ्या संगणकावरील सर्वाधिकारी पेटीतही सर्वाधिकारी ठरू नये, म्हणून ती असते. तरीही सामान्य मांडणीत पेटी माणसास ओळखत नाही. समोरचा संगणक जो वापरकर्ता-क्रमांक सांगेल त्यावर ती विश्वास ठेवते. अकरा क्रमांकाचा वापरकर्ता एका संगणकावर लिपिक असेल, तर दुसऱ्यावर भलताच कोणी. व्यक्तीची खरी ओळख पटवावयाची असल्यास ‘कर्बेरॉस’ची जोड द्यावी लागते.

मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने अनेक देशांत संचिका कुलूपबंद केल्या. ती विंडोजच्या ‘एसएमबी’ या निराळ्या सामायिक पद्धतीतील दोषातून पसरली. ज्या कप्प्यात लिहिण्याचा अधिकारच नाही, तेथील प्रतिमा बाधित झालेल्या वाचक-संगणकास बदलता येत नाहीत. पेटीच सापडली तर मात्र हा अडसर पुरत नाही. त्यासाठी जाळ्यापासून अलग ठेवलेली दुसरी प्रत लागते.

मांडणी झाल्यावर वाचनापुरता अधिकार असलेल्या संगणकावर बसून त्या कप्प्यात एक रिकामी संचिका निर्माण करून पाहावी. यंत्राने नकार दिला, तरच तो कप्पा पुढे वापरास द्यावा.