शार्लोट तलावाच्या पायवाटा आणि आपला धंदा

माथेरानच्या बाजारात आम्ही बरीच वर्षे कापडाचा माल देत आलो आहोत. सुरुवातीला माल उतरवायचा, हिशेब करायचा आणि पुढच्या गाडीने खाली उतरायचे, एवढाच आमचा रिवाज होता. एकदा एका दुकानदाराला आम्ही सहज विचारले, "सकाळी दहा वाजता बाजार एवढा ओस कसा?" तो म्हणाला, "सेठ, गिऱ्हाईक तलावावर गेलंय. चार वाजता परत येईल, तेव्हा बघा." त्या दिवशी आम्ही गिऱ्हाइकामागोमाग तलावावर गेलो, आणि या बाजाराची खरी तिजोरी कोठे आहे ते समजले.

हा तलाव म्हणजे शार्लोट लेक. माथेरानचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. माथ्यावर एकही नदी नाही. चार महिन्यांचा पाऊस अडवला नाही तर तो कड्यावरून थेट खाली जातो. म्हणून एका खोलगट जागी भिंत घालून हे पाणी अडवले आहे. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा हा जुना आधार आहे. भोवती जांभूळ, हिरडा, अंजनी यांचे दाट रान आहे. काठावर माथेरानचे ग्रामदैवत असलेल्या पिसारनाथाचे मंदिर आहे. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी भिंतीवरून वाहून कड्याकडे जाते.

पायवाटा कशा आहेत?

बाजारातून तलावाकडे चालत जाता येते. तलावापाशी वाटा फुटतात. एक अंग लॉर्ड पॉइंट आणि सेलिया पॉइंटकडे जाते, दुसरे इको पॉइंट आणि लुईझा पॉइंटकडे. लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगडाचा डोंगर दिसतो. ही वाट बहुतेक सावलीची आहे, त्यामुळे भर दुपारीही बायका-मुले आणि म्हातारी माणसे आरामात चालतात. दक्षिणेला वन ट्री हिलची बाजू आहे. तेथून खाली आंबेवाडीकडे उतरणारी वाट मात्र अवघड आहे. तिला शिवाजीची शिडी म्हणतात. ती सराईत माणसांची वाट आहे, आणि पावसात तर नवख्याने तिच्या वाटेला जाऊच नये. तलावाच्या पाण्यातही उतरू नये. वरून पाणी शांत दिसते, पण येथे बुडून लोकांचे जीव गेले आहेत.

वाटेवरची माती लाल आहे, कारण हा जांभ्या दगडाचा प्रदेश आहे. उन्हाळ्यात या मातीची धूळ होते आणि पावसात चिखल. या मातीचा स्वभाव समजून घेतला तर पायवाट कशी टिकते आणि कशी मरते, तेही कळते.

चांगली पायवाट उतारावर सरळ खाली जात नाही. ती डोंगराच्या अंगाने आडवी, वळणे घेत जाते. त्यामुळे पावसाचे पाणी वाटेवरून धावत नाही, वाट ओलांडून बाजूच्या पाचोळ्यात जिरते. पण घाईचा माणूस वळण टाळून सरळ खाली उतरतो. त्याच्या मागून दहा जण उतरतात. महिन्याभरात गवत मरते आणि झाडांच्या मुळ्या उघड्या पडतात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी तीच आडवाट धरते आणि वाटेचा ओहोळ होतो. वाहून गेलेली माती उताराच्या तळाशी साचते, आणि उतार तलावाकडचा असेल तर ती तलावात जाते. जेवढी माती तळाशी बसेल तेवढी पाण्याची जागा कमी होते. पाच मिनिटे वाचवण्याचा हा सौदा फार महाग पडतो.

म्हणून आम्ही म्हणतो की पाणी आणि पायवाट हे माथेरानचे भांडवल आहे, आणि बाजारातली विक्री हे त्याचे व्याज आहे. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये. हा हिशेब व्यापाऱ्याला वेगळा शिकवावा लागत नाही.

पीरभॉय यांची हिंमत

या डोंगरावर माणूस सहज पोहोचू लागला तो एका व्यापारी घराण्यामुळे. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले बोहरा व्यापारी. गरिबीतून वर आले आणि लष्कराला तंबू, बूट असा माल पुरवून त्यांनी नाव व दौलत कमावली. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान अशी छोट्या रुळांची रेल्वे बांधली. काम १९०४ मध्ये सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावली. सुमारे १६ लाख रुपये लागले, ते वडिलांनी घातले. जवळजवळ २१ किलोमीटरचा हा मार्ग डोंगराशी झुंजत नाही, चांगल्या पायवाटेसारखाच वळणे घेत चढतो. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग उखडला आणि २००७ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसात पुन्हा तोच प्रकार घडला, तेव्हा नेरळहून पूर्ण मार्गावर गाडी सुरू व्हायला २०२२ उजाडले. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद ठेवतात, तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते. माल पाठवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे पाय, घोडा किंवा हातगाडी, असाच येथला रिवाज राहिला. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. माणसाने माणसाला ओढावे ही प्रथा थांबावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. त्याच निकालात दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्यास हरकत नाही, मात्र पॉइंटकडे जाणारे आतले रस्ते आणि भटकंतीच्या वाटा यांवर ते बसवू नयेत, असेही सांगितले.

यावर बाजारात दोन मते ऐकू येतात. घोडेवाले म्हणतात की गुळगुळीत ब्लॉकवर घोड्याचा नाल घसरतो. काही दुकानदार म्हणतात की पक्का रस्ता झाला तर गिऱ्हाईक वाढेल. दोघांच्याही रोजीरोटीचा सवाल आहे, म्हणून कोणाचीही थट्टा करू नये. आमचे म्हणणे एवढेच की तलावाच्या वाटा मातीच्याच राहाव्यात. मुंबई-पुण्याचा माणूस ब्लॉकवर चालायला येथे येत नाही, ब्लॉक त्याच्या दारात आहेत. चार तास मातीत चालून तो भुकेला होतो, त्याची चप्पल तुटते, टोपी उडते, आणि मग तो बाजारात येतो. वाहनातून तलाव पाहून वीस मिनिटांत परतणारा माणूस चिक्कीचे एक पाकीट घेईल, जास्त काही नाही.

चालणाऱ्याला काय लागते?

येथे आमची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही स्वस्तात मिळालेले रेनकोट वरच्या दोन दुकानांत उधारीवर दिले. कापड हातात घेऊन पाहिले होते, शिलाई पाहिली नव्हती. सुईच्या भोकांतून पाणी आत येत होते. आठ दिवसांत निम्मा माल परत आला. नुकसान आमचे झाले, ते सोसले. पण दुकानदाराची जबान गेली, ती भरून यायला दोन हंगाम लागले. तेव्हापासून रेनकोट घेताना आम्ही तो उलटा करतो आणि शिलाईवर आतून पट्टी चिकटवली आहे का ते आधी बघतो.

बाकी अनुभव असा. पावसात जाड डेनिम विकू नका. ते भिजले की जड होते आणि वाळत नाही. पॉलिएस्टर मिसळलेले हलके कापड लवकर वाळते. उन्हाळ्यात मात्र घाम शोषणारे सुती कापडच बरे. पांढरा रंग टाळा. लाल माती लागली की डाग सहज जात नाही आणि गिऱ्हाईक दोष आपल्याला देते. खाकी, विटकरी, गडद हिरवा हे रंग धूळ झाकतात. चपला शिवणाऱ्या कारागिरांनी शोभेच्या मालाबरोबर दोन-चार जोड जाड, खाचा पाडलेल्या तळाचे ठेवावेत. ओल्या जांभ्यावर गुळगुळीत तळ घसरतो.

सर्वांत मोठी संधी पिशवीत आहे. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. माथेरानची माकडेही प्लास्टिकची पिशवी दिसली की तिच्यात खाऊ आहे असे समजून झडप घालतात. फाटलेली पिशवी रानात राहते आणि पावसात वाहून तलावाकडे जाते. भिवंडी-मालेगावच्या मागांवर विणलेला मांजरपाट घ्या. ३६ इंच पन्ह्याच्या एका मीटरमध्ये १८ इंची चार तुकडे निघतात, म्हणजे दोन पिशव्या. बंदांसाठी जाड पट्टी वेगळी घ्यावी. तोंडाला नाडी घातली तर माकडाला आतले दिसत नाही. घरी शिलाई करणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना हे काम देता येते. मशीन एकच लागते, आणि माल पडून राहिला तरी खराब होत नाही.

एक अट मात्र पाळा. तलावाच्या काठावर दुकान मांडण्याचा लोभ धरू नका. तेथे पाण्याची एक बाटली विकून जे मिळेल, त्यापेक्षा जास्त त्या रिकाम्या बाटलीने आपण गमावू. धंदा बाजारात करावा, रान रानासारखे ठेवावे.

आता आम्ही माल द्यायला वर गेलो की हिशेबाआधी तलावाला एक फेरी मारतो. वाट कोठे खचली, कोठे नवी आडवाट पडली, ते पाहतो आणि खाली येऊन दुकानदारांना सांगतो. तुम्हीही गेलात तर वळण सोडू नका. गिऱ्हाइकालाही सांगा. गल्ल्यावर बसून दोन शब्द बोलायला खर्च येत नाही.